अबू सालेमसाठी दिलेला २५ वर्षांचा शब्द पाळायचा का?

वरळीकर
२६/११ च्या कटातला आरोपी तहव्वुर राणाला अमेरिकेतून आणून १० एप्रिल २०२५ ला दिल्लीत उतरवलं तेव्हा 'आणला बघा शेवटी' म्हणून सगळे खूश होते, मीपण होतो, पण मला तेव्हापासून सालेमच आठवतोय. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. आमच्या इथे सेंच्युरी बाजारला काय झालं ते आमच्या पिढीला कुणी सांगायला नको. त्या खटल्यात दोषी ठरलेला, जन्मठेप झालेला माणूस २०३० मध्ये सुटणार, कारण काय, तर १७ डिसेंबर २००२ ला तेव्हाचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी पोर्तुगालला लिहून दिलं की याला फाशी देणार नाही आणि २५ वर्षांच्या वर आत ठेवणार नाही. गुन्हा मुंबईत, मेले ते आपले, आणि शिक्षा किती ते लिस्बनला विचारून ठरवायचं? मला हे अजिबात पटत नाही.

कलम_बहात्तर
वरळीकर, राग समजतो, पण तो शब्द दिला नसता तर सालेम इथे आलाच नसता. सप्टेंबर २००२ मध्ये तो लिस्बनला पकडला गेला तेव्हा पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पण करारच नव्हता, तो नंतर २००७ मध्ये झाला. त्यांच्याकडे फाशी नाही, जन्मठेपही नाही, २५ वर्षांच्या वर शिक्षाच नाही. त्यांचं कोर्ट आपल्या भावना बघून आरोपी देणार नव्हतं. शब्द दिला म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये तो हातात आला.

आणि न्यायाधीशांचे हात कुणी बांधलेले नाहीत. टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने जन्मठेप दिली ती दिलीच. जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते एवढंच, की शब्द सरकारने दिलाय, तर २५ वर्षं भरली की सरकारने घटनेच्या कलम ७२ खाली, म्हणजे शिक्षा कमी करायच्या अधिकाराखाली, राष्ट्रपतींना तसा सल्ला द्यावा. उद्या हा शब्द मोडला तर पुढच्या वेळी आपल्या वकिलाला कुठल्याही देशात कोण उभं करणार?

वरळीकर
कायदा कळला, पण न्यायाचं काय? सप्टेंबर २०१७ च्या एकाच निकालात दोघांना फाशी झाली आणि सालेमला जन्मठेप, तीही २५ वर्षांची. याच स्फोटांसाठी याकूब मेमनला २०१५ मध्ये नागपूरला फासावर दिलं. म्हणजे जो लांब पळाला आणि योग्य देशात सापडला त्याला सवलत? ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला हे तुम्ही समोर बसून समजावून दाखवा.

तारदेवची
तुम्ही दोघं सालेमवर अडकलात, मला जास्त चीड २६/११ साठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीची येते. आमच्या तारदेवच्या एसी मार्केटमध्ये त्याने राणाच्या इमिग्रेशन कंपनीचं ऑफिस थाटलं होतं, व्हिसाचं काम म्हणून बोर्ड, आणि त्या आडोशाने हा बाबा ताज, ओबेरॉय, सीएसटी सगळीकडे फिरून शूटिंग करून गेला, मग २६/११ ला १६६ माणसं मेली. त्याला अमेरिकेने २०१० मध्ये गुन्हा कबूल करायच्या बदल्यात लिहून दिलं की भारतात पाठवणार नाही, फाशीही नाही. मुख्य माणूस त्यांनी ठेवला आणि पंधरा वर्षांनी त्याचा मित्र आपल्याला दिला. याला सहकार्य म्हणायचं असेल तर म्हणा.

कलम_बहात्तर
ताई, हेडलीचं दुःख मलाही आहे, तो सौदा आपल्याला महागच पडला. पण राणाची केस सोपी नव्हती हेही बघा. २०११ मध्ये शिकागोच्या ज्युरीने त्याला मुंबईच्या आरोपातून सोडलं होतं, शिक्षा झाली ती डेन्मार्कमधल्या वृत्तपत्रावर हल्ल्याच्या कटासाठी आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केली म्हणून. आणि भारत-अमेरिकेच्या १९९७ च्या प्रत्यार्पण करारात स्पष्ट आहे की ज्या गुन्ह्यासाठी तिथे खटला होऊन निकाल लागलाय त्यासाठी माणूस देता येणार नाही. त्याचे वकील तेच धरून बसले. जून २०२० ला पुन्हा अटक, मग मे २०२३ चा मॅजिस्ट्रेटचा निकाल, ऑगस्ट २०२४ ला अपील कोर्ट, जानेवारी २०२५ ला त्यांचं सुप्रीम कोर्ट. प्रत्येक ठिकाणी मुद्दा एकच, की घटना तीच असली तरी भारताने लावलेले गुन्हे, खोटी कागदपत्रं, देशाविरुद्ध युद्ध वगैरे, कायद्याने वेगळे आहेत का. तो मुद्दा तिथे टिकला म्हणून माणूस आला. हे कागदाचं काम आहे, टीव्हीवर दिसत नाही.

आखाती_सातारकर
कागदाचं काम राहू द्या हो. जून २०१२ मध्ये सौदीने २६/११ च्या कटातल्या अबू जुंदालला दिलं ते कसं? आपल्या बीड जिल्ह्यातला माणूस, पाकिस्तानी पासपोर्टवर फिरत होता. घरच्यांच्या डीएनएशी जुळवून तो कोण हे सिद्ध केलं आणि विमानात बसवला, तिथे अपील नाही, ज्युरी नाही. मी इकडे बरीच वर्षं आहे, दोन सरकारांनी मनावर घेतलं की काम होतं हे बघितलंय. युरोप-अमेरिकेच्या कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा गुप्तचर यंत्रणांची मैत्री वाढवा.

कलम_बहात्तर
मनावर घेतलं की होतं हे खरं, पण मन बदललं की बंद, हेही तितकंच खरं. आणि सुनावणीशिवाय परत पाठवायचा रस्ता फक्त जुंदालसारख्यांवर वापरला जात नाही, आखातात मजुरी करणाऱ्या साध्या माणसालाही तोच लागतो, ते तुम्ही तिथे राहून माझ्यापेक्षा जास्त बघत असाल.

युरोप टाळताही येणार नाही. बंगालमधल्या पुरुलियाला १९९५ मध्ये विमानातून शस्त्रं टाकणारा किम डेव्ही डेन्मार्कमध्ये मोकळा आहे. त्यांच्या कोर्टाने २०११ मध्ये नकार दिला, २०२४ मध्ये परत दिला, आपण हमी देऊनही. कारण एकच, भारतात छळ होईल ही भीती. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली आणि अजून त्याला मंजुरी दिली नाही, तसा वेगळा कायदाही नाही. समोरच्या वकिलाला आपणच मुद्दा देतोय.

तारदेवची
हे मात्र पटलं. कोठडीतल्या मारहाणीमुळे आरोपी हातचा जात असेल तर ते मेलेल्यांचंच नुकसान आहे. तो कायदा करायलाच हवा, त्यात देशभक्ती आडवी यायचं कारण नाही.

वरळीकर
छळाचा कायदा करा, माझी ना नाही. पण सालेमबद्दल माझं मत तेच. शब्द द्यायचाच होता तर फाशी नाही एवढा द्यायचा, वर्षांचा आकडा लिहून द्यायला नको होता. आणि दिलाच, तर खटला तरी भराभर चालवायचा! २००५ मध्ये आला, निकाल २०१७ ला, म्हणजे २५ मधली बारा वर्षं तो नुसता तारखांना जात होता. राणा इथे आणला तेव्हाच ६४ वर्षांचा होता. त्याचा खटला रोज चालवा, साक्षीदार हयात आहेत तोवर.