चुकून आलेला फोटो

दादा: 📷 फोटो
दादा: सॉरी सॉरी, मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा होता. काढतो.

बापूकाका: हा कोण रे? मान बघ, खांबासारखी. आणि डोकं एवढंसं?

ताई: काढू नकोस हं! आता सांगच.

दादा: काका, हा स्टारडस्ट. सुपरहिरो. १९३९ च्या शेवटी ‘फँटास्टिक कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. आदल्या वर्षी सुपरमॅन आला आणि धो धो खपला, मग प्रत्येक प्रकाशकाला आपापला हिरो हवा झाला. पानं भरायची घाई. त्या घाईत फ्लेचर हँक्स नावाच्या माणसाचीही वर्णी लागली. गोष्ट, चित्रं, अक्षरं, सगळं तो एकटाच करायचा.

बापूकाका: कोणी तपासत नव्हतं वाटतं.

दादा: नसावं 😂 म्हणून तर मजा आहे!

छोटू: पॉवर काय त्याची?

दादा: ज्या वेळी जी लागेल ती. एक किरण सोडायचा, काम फत्ते. स्वतःच्या खासगी ताऱ्यावर राहतो, तिथून पृथ्वीवरच्या गुंडांवर नजर ठेवतो.

माईआत्या: नजर ठेवतो, मग गुन्हा होऊ कसा देतो?

दादा: आत्या, बरोब्बर पकडलंस! नेहमी उशिरा येतो. एका गोष्टीत जिप क्लिप नावाचा गुंड पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच निकामी करतो. लोक वर उडून जातील, मग जगातली सगळी संपत्ती आपलीच, असा बेत. आणि माणसं खरंच उडतात. आकाशभर बारकी बारकी माणसं, हातपाय पसरलेली. ते पॅनल, म्हणजे ती चित्राची चौकट, मी कितीदा पाहिलंय. चित्र म्हणून कच्चं, पण पोटात गोळा येतो.

वहिनी: मी साक्षीदार आहे. रात्री एक वाजता मला उठवून दाखवलं होतं.

ताई: 😂😂 आणि तू उठलीस?

वहिनी: उठले. आणि मग मलाच झोप येईना.

बापूकाका: पण वाईट ते वाईटच ना? तू त्यात काय पाहतोस?

दादा: काका, नुसतं वाईट असतं तर फेकून दिलं असतं. तेव्हाची रद्दी कॉमिक्स ढिगाने आहेत, एकमेकांच्या नकला. ह्याची नक्कल करणं कोणाला जमणार नाही. उडणारा हिरो भिंतीवरून सोलून काढलेल्या पोस्टरसारखा ताठ. चेहरा शेवटपर्यंत तोच. लोकांना वाचवणं दोन-चार पॅनलात उरकतो, आणि शिक्षा द्यायला लागला की पानंच्या पानं! लेखकाला रस त्यातच.

छोटू: कसली शिक्षा??

दादा: डी स्ट्रक्टो म्हणून एक व्हिलन. स्टारडस्ट त्याचं सगळं शरीर आकसवून डोक्यात घालतो. उरतं नुसतं डोकं. ते अंतराळात भिरकावतो. तिथे एक अवाढव्य बिनडोक्याचा राक्षस असतो, त्याच्या अंगात ते डोकं जिरून जातं. झालं. हिरो घरी.

माईआत्या: अगं बाई!

ताई: हे मुलांसाठी होतं??

दादा: हो ना. एक गोष्ट मात्र सांगून टाकतो, नाहीतर नुसतं कौतुक होईल. हा हँक्स घरी दारुडा होता आणि बायकोमुलांना मारायचा. १९३० च्या सुमारास घर सोडून गेला. कॉमिक्सचं काम १९४१ पर्यंतच. १९७६ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका बागेतल्या बाकावर मेलेला सापडला. हे कळल्यापासून त्या शिक्षांची पानं उलटताना हसू येतं, पण पूर्वीसारखं नाही.

वहिनी: हे मला सांगितलं नव्हतंस.

दादा: रात्री एक वाजता कुठे सांगू.

बापूकाका: मग हे सगळं तुला मिळालं कुठून?

दादा: पॉल करासिक नावाच्या कॉमिक्सवाल्याने हँक्सच्या गोष्टी शोधून २००७ मध्ये पुस्तक केलं. पुढच्या वर्षी त्याला आयझनर मिळालं. कॉमिक्सच्या जगातला मोठाच पुरस्कार तो.

माईआत्या: ह्या एवढ्याशा डोक्याला?

दादा: ह्याच डोक्याला, आत्या 🙏

ताई: बरं, झोपा आता सगळे.

बापूकाका: थांब. त्या उडालेल्या माणसांचं काय झालं?

दादा: आणतो सगळ्यांना परत. किरणानेच.

बापूकाका: हां. मग ठीक. ते पान पाठव. मोठं करून पाठव, चष्मा सापडत नाहीये.