काउन्सेलिंगचा रोलप्ले करताना हसू येतं, काय करू?

एमएला आहे, तिघांचा ग्रुप असतो, एक काउन्सेलर एक क्लायंट एक ऑब्झर्व्हर, मैत्रीण खोटं रडायला लागली की मला हसू फुटतं नाहीतर लगेच सल्ला द्यावासा वाटतो, कोणी सांगेल का?

> खोटी केस घेऊच नका गं. खरी पण छोटी अडचण घ्या, रूममेटशी वाजलं वगैरे. घरातली मोठी प्रकरणं मात्र तिथे नकोत.

> रेकॉर्ड कर, मग शब्दन् शब्द उतरवून काढ, जाम बोअर काम आहे पण "आईला का नाही सांगितलंस?" असले प्रश्न किती विचारलेस ते कळतं, 'का' विचारलं की समोरचा सफाईच देत बसतो. कार्ल रॉजर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तर १९४० च्या दशकातच सेशन्स रेकॉर्ड करायचे.

> बापरे, स्वतःचा आवाज ऐकायचा??

> हो 😄 आणि क्लायंटची परवानगी आधी, मैत्रीण असली तरी.