मदत हवी आहे : जुनी जर्मन दुर्बीण घेऊ का? (रविवारच्या आत सांगा)

चातक_पुणे
जुन्या बाजारात एक दुर्बीण बघून ठेवलीय. जर्मन, वजनदार, चामड्याची पेटी. सहा हजार म्हणतोय. संग्रहात राहील आणि भिगवणला पक्षी बघायलाही नेता येईल. घेऊ की नको, एवढंच सांगा.

रानवाटा
८×३० की ७×५० (किती पट मोठं दिसतं × पुढची काच किती मिमी)? फोकसचं चाक मधे आहे का? फोटो कुठाय?

चातक_पुणे
फोटो चढत नाहीये. ६×३०. कंपनीचं नाव नाही, 'डीन्स्टग्लास' आणि 'बीएलसी' एवढंच. चाक नाही, दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं फिरवायचं. उजवीकडे बारीक रेघा दिसतात. तडा असेल का?

अडगळ
तडा कसला, अंतराचा अंदाज घ्यायच्या खुणा आहेत त्या! 'डीन्स्टग्लास' म्हणजे सेवेतली, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी दुर्बीण. कारखान्याचं नाव कळू नये म्हणून सांकेतिक अक्षरं. बीएलसी म्हणजे येनाचं झाइस, बीईएच म्हणजे लाइट्झ. डोळे झाकून घ्या.

रानवाटा
डोळे झाकून? दुर्बीण आहे ती!
@चातक, लांबची विजेची तार बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. तार तुटक, खालीवर दिसली तर प्रिझम हललंय. मग मोठ्या काचेकडून टॉर्च मारून बुरशीचं जाळं शोधा. काचेत ट्यूबलाइट पांढरीच दिसली तर कोटिंग (चकाकी कमी करणारा थर) नाही. अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड जातो, आणि आत असे दहाएक पृष्ठभाग असतात. शिवाय झाडीतला चिमुकला वटवट्या पक्षी दोन्ही डोळे जुळवेपर्यंत थांबतोय होय? नवी ८×४२ घ्या.

अडगळ
भिगवणला वटवट्या कोण बघतं? रोहित (फ्लेमिंगो) लांब असतात, एकदा जुळवलं की झालं. ३० भागिले ६, पाच मिमीचा उजेडाचा गोल मिळतो. पहाटेला उत्तम.

टेन्टोप्रेमी
रशियन टेन्टो ७×५०. विषय संपला.

रानवाटा
हो, आणि तिच्या पिवळट काचेतून बगळेसुद्धा पिवळट बघा.

नभांगण
१०×५० मधून गुरूचे चंद्र दिसतात, हात टेकवून बघा.

रानवाटा
कुणी विचारलं?

चातक_पुणे
तार सरळ दिसली, बुरशी नाही. पण चष्मा लावून मधला थोडाच भाग दिसतो.

अडगळ
चष्मा आहे हे आत्ता सांगताय?! साधा नंबर असेल तर चष्मा काढून दोन्ही डोळे जुळवा. सिलिंड्रिकल नंबर आहे का? तो दुर्बीण जुळवून भरून निघत नाही.

चातक_पुणे
डाव्या डोळ्याला आहे. किती ते बघावं लागेल.

टेन्टोप्रेमी
टेन्टो घ्या.