आइसलंडमध्ये भाड्याची गाडी: विमा कोणता घ्यावा आणि नुकसानीची आकारणी कशी हाताळावी?

मुळाकाठ (पुणे)

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, पत्नी आणि माझे आईवडील असे चौघे आइसलंडला जाणार आहोत. केफ्लाविक विमानतळावर गाडी ताब्यात घ्यायची, एक क्रमांकाच्या वर्तुळाकार महामार्गाने बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची आणि गाडी तिथेच परत करायची, असा बेत आहे. येथील परवाना, आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि माझ्या नावाचे क्रेडिट कार्ड ही तयारी झाली आहे. घोडे अडले आहे ते विम्यापाशी.

मूळ भाड्यात 'सीडीडब्ल्यू' (गाडीच्या नुकसानीचा भाडेकरूवरील बोजा एका मर्यादेपर्यंत रोखणारे संरक्षण) धरलेला आहे. तरीही गाडीचे काही नुकसान झाले तर त्यातील पहिले साडेतीन लाख क्रोना, म्हणजे दोन-अडीच लाख रुपयांच्या आसपासची रक्कम, मलाच सोसावी लागेल असे करारात लिहिले आहे. ही रक्कम खाली आणण्यासाठी 'सुपर सीडीडब्ल्यू', उडणाऱ्या खडीसाठी निराळे संरक्षण, वाळू आणि राखेसाठी निराळे, टायर आणि काचेसाठी आणखी निराळे, अशी यादी समोर ठेवली आहे, आणि ते सगळे घेतले तर विम्याचाच खर्च भाड्याच्या जवळपास निम्मा होतो. दुसरीकडे, ज्या संकेतस्थळावरून आरक्षण करतो आहे ते स्वतःचे 'संपूर्ण संरक्षण' याच्या एक तृतीयांश किमतीत देऊ करते.

यांतले आमच्या मार्गासाठी खरोखर आवश्यक काय आहे? संकेतस्थळाच्या स्वस्त विम्यावर विसंबावे का? आणि भारतात परतल्यावर काही आठवड्यांनी कार्डावर नुकसानभरपाई परस्पर वसूल केली गेली, तर इथे बसून दाद मागता येते का? माझे वडीलही अधूनमधून गाडी चालवू इच्छितात, तेही लक्षात घ्यावे.

उत्तरवारा (रेक्याविक)

मुळाकाठ, मी इथेच राहते आणि ओळखीचे पाहुणे दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन येतात. माझे मत असे की विम्याच्या नावांकडे न पाहता या देशात गाड्यांचे नुकसान नेमके कशाने होते ते आधी पाहावे, म्हणजे यादीतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते आपोआप ठरते.

पहिला क्रमांक वाऱ्याचा. दक्षिण किनाऱ्यावरील व्हीक गावाच्या आसपास, पुढे ओराइवीच्या पट्ट्यात आणि राजधानीच्या उत्तरेला क्यालार्नेसपाशी डोंगरावरून येणारे झोत इतके अचानक असतात की पाठीमागून वारा येत असताना दार उघडले, तर ते हातातून सुटून पुढच्या बाजूला उलटे वळते. बिजागऱ्या वाकतात, दाराची कड पुढच्या मडगार्डात घुसते, आणि मग दार, मडगार्ड, रंगकाम असा सगळाच खर्च उभा राहतो. बहुतेक करारांत वाऱ्याने दारांचे झालेले नुकसान सरळ वगळलेले असते, अगदी 'सुपर' घेतला तरीही. त्यामुळे कंपनीला लेखी विचारावे: दाराचे नुकसान यात धरले आहे का, आणि धरले असल्यास माझ्या वाट्याला किती रक्कम येईल? उत्तर काहीही आले तरी गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, म्हणजे वारा दार उघडण्याऐवजी मिटवायला पाहतो, आणि आईवडिलांना सांगून ठेवावे की दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचे, तेही एका वेळी एकच.

दुसरे वाळूचे. मिरदाल्ससांडुर आणि स्काइडरारसांडुर ही काळ्या वाळूची मैदाने तुमच्या मार्गावरच आहेत. वादळात ती वाळू गाडीचा रंग खरवडून काढते आणि काचा कायमच्या धुरकट करते, म्हणून एकाच तासाच्या प्रवासाने अख्ख्या गाडीचे रंगकाम करण्याची पाळी येऊ शकते. दक्षिण किनाऱ्याने जाणाऱ्याने वाळू-राखेचे संरक्षण घ्यावे असे मी ठामपणे सांगते. मात्र त्याहून मोठे संरक्षण म्हणजे हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा असताना न निघणे. रस्ते विभागाच्या संकेतस्थळावर आणि महामार्गाकडेच्या फलकांवर वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात दिसतो. २० म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, हे गणित मनात पक्के असू द्या. मुक्काम एक दिवस लांबवण्याची सोय वेळापत्रकात ठेवली तर हे पाळणे सोपे जाते.

खडीबद्दल थोडे निराळे आहे. वर्तुळाकार महामार्ग आता संपूर्ण डांबरी आहे. पण नकाशाचे ॲप पूर्वेकडे अंतर वाचवण्यासाठी ओक्सीच्या घाटातून ९३९ क्रमांकाचा रस्ता सुचवते, आणि तो कच्चा व चांगलाच चढणीचा आहे. किनाऱ्याच्या रस्त्याने वळसा घेऊन जाणे उत्तम. देट्टीफॉसच्या धबधब्याला पश्चिमेच्या ८६२ ने गेलात तर डांबरी रस्ता मिळतो, पूर्वेच्या ८६४ ने गेलात तर खडी. 'माल्बिक एंडार' असा फलक दिसला की पुढे डांबर संपते, तेव्हा वेग आधीच कमी करावा. समोरच्या गाडीने उडवलेल्या एका खड्याने काच तडकते, त्यामुळे काच आणि खडीचे संरक्षण घेणे मला योग्य वाटते. चोरीच्या विम्यासाठी मात्र वेगळे पैसे मोजू नयेत. इथे त्याची फारशी गरज पडत नाही.

राहिले पाणी. क्रमांकाआधी 'एफ' अक्षर असलेल्या अंतर्भागातील रस्त्यांवर चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी ('फोर-व्हील ड्राइव्ह') गाडीच लागते, त्यांतील अनेक रस्त्यांवर पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात, आणि नदीत इंजिनात पाणी शिरले तर तो खर्च सहसा कोणताही विमा उचलत नाही. तुमच्या बेतात हे रस्ते नाहीत, तर ऐनवेळच्या मोहानेही तिकडे वळू नका.

आणखी एक. वाडलाहाइडी बोगदा अकुरेरीजवळ तुमच्या वाटेत येईल. तिथे टोलनाका नाही. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि पैसे ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन भरायचे असतात. न भरल्यास बिल भाडेकंपनीकडे जाते आणि ती त्यावर स्वतःचे हाताळणी शुल्क लावून तुमच्या कार्डावर टाकते. अनेक धबधब्यांपाशी वाहनतळाचेही असेच आहे.

निवृत्त सर्वेक्षक (नाशिक)

मुळाकाठ, माझी नोकरी मोटार विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण करण्यात गेली. त्या अनुभवावरून कराराची बाजू मांडतो.

रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी पेलणारा विमा तिथे कायद्याने सक्तीचा आहे आणि तो भाड्यातच येतो. त्याची चिंता नको. 'सीडीडब्ल्यू' हा मात्र खऱ्या अर्थाने तुमचा विमा नव्हे. 'अमुक मर्यादेपलीकडची नुकसानभरपाई आम्ही तुमच्याकडून मागणार नाही' असे गाडीच्या मालक कंपनीने दिलेले ते वचन आहे, आणि ते करारातील अटींवर टिकून असते. करारात नाव नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवली, मद्य घेऊन चालवली, मनाई असलेल्या रस्त्यावर नेली, तर वचन संपते आणि मर्यादाही संपते. मग साडेतीन लाख क्रोनांचा प्रश्नच उरत नाही, गाडीची पूर्ण किंमत अंगावर येऊ शकते. म्हणून वडिलांचे नाव अतिरिक्त चालक म्हणून करारात नोंदवल्याशिवाय त्यांनी चाकाला हातही लावू नये, आणि त्यांचाही आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. त्याचे शुल्क हजार रुपये आहे आणि तो वर्षभर चालतो. वयाची कमाल मर्यादा आहे का, तेही कंपनीला आधीच विचारून घ्यावे.

ही मर्यादा बहुधा प्रत्येक घटनेमागे लागू होते, संपूर्ण भाडेकाळासाठी एकदाच नव्हे. सोमवारी बंपर घासला आणि गुरुवारी दार वाकले, तर त्या दोन घटना.

आता संकेतस्थळाच्या स्वस्त संरक्षणाविषयी. असे संरक्षण देणारी संस्था आणि गाडीची मालक कंपनी यांचा एकमेकींशी संबंध नसतो. नुकसान झाले की कंपनी तुमच्या कार्डातून पूर्ण रक्कम घेते, आणि तुम्ही नंतर कागदपत्रे जोडून त्या संस्थेकडून भरपाई मागता. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकते तीही चुकत नाही, आणि गाडी घेताना खिडकीपाशी 'तुमचा विमा आम्हाला चालत नाही' असे सांगून स्वतःचा विमा विकण्याचा आग्रह होतो, तो याच फटीतून. या प्रकारात गैर काही नाही. दाव्याच्या कागदांना तोंड देण्याची तयारी असेल तर पैसे खरोखर वाचतात. पण अशा पॉलिसी पुष्कळदा विशिष्ट देशांच्या रहिवाशांनाच विकल्या जातात, त्यामुळे भारतातील रहिवासी पात्र आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे, अन्यथा पॉलिसी हातात असूनही दावा फेटाळला जाईल. आपल्याकडील काही परदेश प्रवास विम्यांतही भाड्याच्या गाडीसाठी अशी तरतूद असते. तिची कमाल रक्कम साडेतीन लाख क्रोनांना पुरते का, ते ताडून पाहावे.

तुमच्या जागी मी असतो तर आईवडील बरोबर असताना मूळ कंपनीचाच 'सुपर' आणि वाळूचे संरक्षण घेतले असते, काच-टायरही घेतला असता, आणि बाकीचे सोडले असते. आपण उजवीकडे बसून गाडी चालवणारी माणसे. तिथे डावीकडे बसल्यावर उजव्या बाजूच्या चाकांचा अंदाज चुकतो आणि फुटपाथच्या कडेला चाकांच्या अलॉय रिम घासतात. टायर आणि रिम हे दोन्ही मूळ 'सीडीडब्ल्यू'मधून बहुधा वगळलेले असतात.

गाडी घेताना एक गोष्ट आवर्जून करा. विमानतळाबाहेर बहुतेक वेळा पाऊस असतो आणि ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही. चारही कोपरे, चारही रिम, बंपरची खालची कड आणि समोरची काच फडक्याने पुसून मग जवळून चित्रीकरण करा, आणि जे सापडेल ते कंपनीच्या तपासणी पत्रकावर लिहवून सही घ्या. छायाचित्र तुमच्याकडे असले तरी सही असलेल्या पत्रकाचे वजन निराळे असते.

खातेपुस्तक (ठाणे)

मी बँकेच्या कार्ड तक्रार विभागात काम करते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

गाडी देताना जी रक्कम अडवली जाते तो खर्च नव्हे. ती तुमच्या पतमर्यादेतून तात्पुरती बाजूला ठेवली जाते आणि परतीनंतर मोकळी व्हायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. हॉटेलची बिले त्याच कार्डावर असतील तर मर्यादा अपुरी पडते, म्हणून दुसरे कार्ड जवळ असावे. तिथल्या मानवविरहित पेट्रोल पंपांवर पिन लागतो, तो निघण्यापूर्वीच चालवून पाहा. यंत्राने 'रुपयांत भरायचे की क्रोनात' असे विचारले तर क्रोनाच निवडा. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर ते यंत्रामागचे लोक ठरवतात आणि तो तुम्हाला महाग पडतो.

मागाहून आकारणी करण्याची मुभा तुम्ही करारावर सही करूनच दिलेली असते, आणि परदेशातील व्यापाऱ्याने केलेल्या अशा आकारणीला ओटीपी लागेलच असे नाही. परतल्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने आकारणी अडेल कदाचित, पण देणे खरे असेल तर ते फिटत नाही आणि वसुलीचा ससेमिरा लागू शकतो. दाद मागण्याचा रस्ता असा: प्रथम कंपनीला ईमेलने चार गोष्टी मागाव्यात, म्हणजे नुकसानीची दिनांकित छायाचित्रे, तुमच्या सहीचे तपासणी पत्रक, सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारे दुरुस्तीचे बिल, आणि दुरुस्तीच्या काळात गाडी उभी राहिल्याबद्दल काही लावले असेल तर त्याचा आधार. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या पत्रव्यवहारासह बँकेत आकारणीवर हरकत नोंदवावी, आणि तीही लवकर, कारण कार्डाच्या नियमांत त्यासाठी मुदत असते. 'मी पैसे दिले नाहीत' एवढ्या वाक्यावर हरकत टिकत नाही. परतीच्या वेळी गाडी शाबूत होती हे दाखवणारे चित्रीकरण असेल तर टिकते. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मात्र लोकपाल बँकेने आपले काम नीट केले का ते पाहतात. ओरखडा कोणी पाडला याचा निवाडा ते करत नाहीत.

युरोपातील ग्राहक केंद्रांचे जाळे अशा प्रकरणांत मदत करते, पण ते युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलंड येथील रहिवाशांसाठी आहे. भारतातून त्याचा उपयोग होणार नाही.

मुळाकाठ (पुणे)

आपणा तिघांचे मनापासून आभार. कंपनीला दारांबद्दल लेखी विचारले; त्यांच्या उत्तरानुसार वाऱ्याचे नुकसान 'सुपर'मध्ये येत नाही, निराळी रक्कम भरल्यास येते, आणि ती मी भरणार आहे. संकेतस्थळाचा विमा सोडून दिला. एकच शंका उरली आहे: आमचे परतीचे विमान पहाटेचे आहे आणि त्या वेळी कंपनीचे कार्यालय बंद असते, किल्ली पेटीत टाकून जा असे ते सांगतात. मग गाडी तपासणार कोण?

उत्तरवारा (रेक्याविक)

कार्यालय उघडल्यावर त्यांचा माणूस तपासेल, आणि तोपर्यंतची जबाबदारी बहुतेक करारांत तुमच्याकडेच राहते. त्यामुळे शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी कार्यालय उघडे असताना गाडी परत करा, तपासणी पत्रकावर 'नवे नुकसान नाही' अशी सही घ्या आणि रात्र विमानतळाजवळ काढा. ते जमत नसेल तर गाडी आधी धुऊन घ्या, कारण चिखलाखालचे चित्रीकरण निरुपयोगी असते. मग दिव्याखाली उभी करून चारही बाजू, छत, रिम, इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा आणि शेवटी पेटीत पडणारी किल्ली असे एकसलग चित्रीकरण करा आणि विमानात बसण्यापूर्वी ते कंपनीला ईमेलने पाठवून ठेवा.