रानावरच्या गाईडबुकात दुर्मीळ जिवांच्या नेमक्या जागा छापाव्यात का? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पाणकणीस

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाट मीटरपर्यंत नेमकी लिहा, पण दुर्मीळ जिवाची जागा छापू नका. त्याऐवजी त्याचा अधिवास असा लिहा की कुठल्याही रानात गेल्यावर वाचणाऱ्याला "इथे तो असू शकेल" हे आपोआप कळावं.

१९९९ मध्ये दक्षिण चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. अशा वर्णनात नमुना जिथे सापडला ती मूळ जागा देण्याची रीत आहे, तशी ती दिली गेली. पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी पकडणाऱ्यांनी तोच पत्ता गाठला आणि काही वर्षांतच त्या मूळ जागेवरून ही पाल नाहीशी झाली. शास्त्रीय नियतकालिक मोजकेच लोक वाचतात. गाईडबुक तर थेट तिथे जायला निघालेल्या माणसाच्या पाठपिशवीत असतं.

सगळंच लपवा असं मी म्हणत नाही. प्रत्येक नोंदीला चार प्रश्न विचारावेत. या जिवाला बाजारात भाव आहे का? तो जागचा हलू न शकणारा आहे का (झाड, घरटं, गुहेतली वसाहत)? त्याच्या भोवतालची जमीन पायांनी बिघडते का? आणि एका जागी फार थोडे उरलेत का? बाजारभाव असेल तर तेवढं एक "हो" पुरे, जागा गाळायची. बाकीच्या तिन्हींपैकी दोन "हो" आले तरी गाळायची.

मग लिहायचं काय? "दुसऱ्या ओढ्याच्या वळणावर मोठ्या दगडामागे ऑर्किड आहे" हे वाक्य काढा. त्याजागी लिहा: "उत्तरेकडे तोंड असलेला, बारमाही झिरपणारा चुनखडीचा कडा, उंची १२०० ते १५०० मीटर, दुपारनंतर ऊन नाही, सोबत नेचे आणि ओलं शेवाळ." पहिलं वाक्य एका रोपापर्यंत नेतं. दुसरं वाचून माणूस कडा बघायला शिकतो.

कडेकपारी

तत्त्व पटतं, पण अंदाजे पत्ता हा नेमक्या पत्त्यापेक्षा जास्त नुकसान करतो. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड राष्ट्रीय उद्यानातलं हायपेरियन घ्या. उंची ११५ मीटरच्या वर, जगातलं ज्ञात सर्वांत उंच जिवंत झाड. २००६ मध्ये सापडलं आणि उद्यानाने जागा कधीच जाहीर केली नाही. तरी पत्ता फुटलाच. आखलेली वाट नाही, म्हणून जो तो झाडीतून आपली वाट पाडत गेला. बुंध्याजवळचे नेचे तुडवून संपले, मुळांवरची माती दाबली गेली. शेवटी २०२२ मध्ये तो भाग बंद असल्याचं जाहीर करून ५००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैदेची तंबी द्यावी लागली. एक आखीव वाट आणि मुळांच्या वरून जाणारा लाकडी मार्ग असता, तर ही माती इतकी दाबली गेली नसती.

"कुठेतरी या घळीत" असं छापलं की पन्नास माणसं पन्नास बाजूंनी घळ चाळतात. नेमकं छापलं तर पन्नासही जण एकाच पट्ट्यावरून चालतात. तुडवणीचा हिशेब असा आहे: कोवळ्या गवताचं आणि शेवाळाचं बरंचसं नुकसान पहिल्या काही डझन पावलांतच होऊन जातं, त्यानंतरच्या शंभर पावलांनी त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून पावलं पसरू देण्यापेक्षा एका रेषेत ठेवलेली बरी.

आणि संदिग्ध लिहिण्याची सवय एकदा लागली की ती वाटेच्या वर्णनातही शिरते. "ओढा डाव्या हाताला ठेवून चढा" असं लिहिलं तर त्याच वाटेने परत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ओढा असतो. नदीचा डावा काठ म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर डावीकडचा, हे पुस्तकाच्या सुरुवातीला एकदा सांगा आणि शेवटपर्यंत पाळा. फाट्याची खूण म्हणून वठलेलं झाड देऊ नका, एका वादळात ते पडतं. खडकाचा रंग बदलतो ती जागा द्या. वेळ लिहिताना १८९२ चा नेस्मिथचा नियम अजूनही कामाला येतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, त्यात दर ६०० मीटर चढाईला १ तास जास्त. मात्र हा हिशेब सलग चालण्याचा आहे. वनस्पती बघत जाणाऱ्याला दुप्पट वेळ लागतो, हे गाईडबुकवाले लिहीत नाहीत आणि माणसं अंधारात उतरत बसतात.

पाणकणीस

वाटेबद्दलचा शब्द न् शब्द मान्य. पण वाट आणि जीव वेगळे करता येतात, याचा नमुना कॅलिफोर्नियातच आहे. व्हाइट माउंटन्समधलं मेथुसेला हे ब्रिसलकोन पाइनचं झाड ४८०० वर्षांहून जुनं आहे. त्याच्या नावाची वाट आखलेली आहे, नकाशात आहे, सगळ्यांना खुली आहे. ती त्या राईतूनच जाते. फक्त मेथुसेला नेमकं कोणतं, हे सांगणारा फलक नाही. माणसं रेषेत चालतात, राई बघतात, आणि एकाच बुंध्याभोवती गर्दी होत नाही. हायपेरियनला पत्ताही नव्हता आणि वाटही नव्हती. खरी चूक वाट न देण्याची होती.

गवतकुरण

दोघेही पर्यटकाचाच विचार करताय. रान चिरडणारा सगळ्यात मोठा पाय त्याचा नसतो.

मलेशियातल्या पाहांगमध्ये बुकिट पांचिंग नावाची चुनखडीची टेकडी होती. प्लेक्टोस्टोमा सियाफिलम ही इवलीशी गोगलगाय जगात फक्त तिथेच होती. चुनखडीसाठी खाणकाम झालं, टेकडी गेली, गोगलगाय नामशेष झाली. तिला कोणी चोरून नेलं नव्हतं. तिची टेकडी सामान्य माणसाच्या लेखी फक्त दगड होती.

ज्या जागेबद्दल लोकांना काही माहीत नाही, तिच्यासाठी कोणी हरकत नोंदवत नाही. खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आला की पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल लिहिणारे आधी छापील साहित्य चाळतात. तिथे ती टेकडी नसेल तर अहवालात "उल्लेखनीय जीवसृष्टी नाही" असं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. म्हणून गाईडबुकात डोंगराचं नाव, हद्द, खडकाचा प्रकार आणि प्रजातींची पूर्ण यादी आलीच पाहिजे. गोगलगाय, शेवाळ, दगडफूल, कोळी यांना तर अगदी जागेसकट छापा. पाणकणीस यांच्या चार प्रश्नांत यातले बरेच जीव अडकतील, कारण ते हलत नाहीत आणि थोडे असतात. तिथे त्यांचा नियम उलटा काम करेल.

टिटवी

घरट्यांचा वादच नको. बऱ्याच पक्ष्यांचं घरटं दर हंगामाला जागा बदलतं, छापलेली जागा शाई वाळेपर्यंत खोटी ठरते. जे वर्षानुवर्षं एकाच कड्यावर घरटं करतात, त्या मोठ्या शिकारी पक्ष्यांची जागा तर मुळीच देऊ नये. अंड्यांवरून पक्षी उठला की ती तापतात किंवा गारठतात, आणि कावळे टपलेलेच असतात.

खिळाक्षर

संपादनाच्या बाजूने लिहिते. इथे सगळे मजकुराबद्दल बोलताहेत, पण जागा मजकुरातून फार कमी वेळा फुटते.

सगळ्यात आधी फोटो. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. छापील पानावर ते येत नाहीत, पण तोच फोटो प्रकाशकाच्या संकेतस्थळावर चढवला की येतात. छपाईला देण्याआधी ती माहिती पुसून प्रत वेगळी जतन करा. फोटोच्या मागे दिसणारी डोंगररेषा त्याहून धोक्याची: दोन ओळखीची शिखरं एकामागे एक कशी दिसतात यावरून जागा काढता येते. दुर्मीळ वनस्पतीचा फोटो खाली वाकून, मागे फक्त माती किंवा आकाश येईल असा घ्या.

मग आकडे. अक्षांश-रेखांशांत दशांश चिन्हानंतर चार स्थळं दिली तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, दोन दिली तर सुमारे १ किलोमीटरपर्यंत, एक दिलं तर ११ किलोमीटरपर्यंत. वाटेच्या फाट्याला चार स्थळं हवीतच, दुर्मीळ प्रजातीला एकाच्या वर नको. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील नोंद ०.२ अंशाच्या चौकटीत धूसर करतात, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर २० किलोमीटरच्या. पण एखाद्याने धूसर नोंदीआधी आणि नंतर, त्याच दिवशी, साध्या पक्ष्यांच्या नोंदी नेमक्या जागेसह टाकल्या असतील तर मधली जागा कोणीही ओळखतो. गाईडबुकातही हेच होतं: प्रजाती तक्त्यात धूसर आणि वाटेच्या वर्णनात "१० मिनिटांनी पुढे". शेवटच्या वाचनात फक्त हेच शोधायला एक माणूस वेगळा ठेवा.

छापील पुस्तक परत बोलावता येत नाही, हे तिसरं. विकलेली प्रत वीस वर्षं तरी कपाटात असते आणि तेवढ्या काळात एखाद्या प्रजातीला अचानक बाजारभाव येऊ शकतो. शंका असेल तर गाळा, पुढच्या आवृत्तीत घालता येतं.

गवतकुरण यांच्या गोगलगायीबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. शंखांचेही संग्राहक असतात हे खरं, पण अशा इवल्या गोगलगायीला खाणीचा धोका त्यांच्याहून कितीतरी मोठा.

ऋतुमान

जागेइतकाच "केव्हा" महत्त्वाचा आहे आणि तो सगळीकडे ढिसाळ लिहिला जातो. "मे-जूनमध्ये फुलते" हे कोणत्या उंचीवर? वर चढताना हवा दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. समशीतोष्ण भागात १२० मीटर उंचीमागे वसंत सुमारे ४ दिवस उशिरा येतो, असा एक जुना ठोकताळा आहे. म्हणजे ६०० मीटरच्या चढात जवळजवळ तीन आठवडे. महिन्याऐवजी क्रम द्या: "बर्फ हटल्यावर दुसऱ्या आठवड्यात", "पहिल्या मोठ्या पावसानंतर दहाएक दिवसांनी", "अमुक झाडाची पानं पूर्ण उघडल्यावर". असं वर्णन उंची बदलली किंवा ऋतू लवकर आला तरी टिकतं. आणि वेळ नेमकी कळली की माणूस ती एकच जागा पुन्हा पुन्हा तुडवत नाही.

कडेकपारी

गोगलगायीचा मुद्दा पटला. गुहांच्या बाबतीत मी पाणकणीस यांच्यासोबत आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा दिसलेल्या बुरशीच्या रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली. हिवाळी झोपेत दर वेळी जाग आली की साठवलेली चरबी जळते, बुरशीने तेच होतं आणि टॉर्चनेही तेच होतं. बुरशी बुटांवरून दुसऱ्या गुहेत जाते. गुहेची वाट छापायचीच असेल तर सामान ५५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवण्याची सूचना त्याच पानावर हवी, परिशिष्टात नको.

पण पाणवठ्यावर मी हटणार नाही. कोरड्या मुलखात पाणी कुठे आहे हे लपवलं तर माणूस मरतो. सगळे पाणवठे चार दशांश स्थळांसकट, कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात यासकट, छापले पाहिजेत.

पाणकणीस

पाणी छापा, पण मुक्काम तिथे छापू नका. दिवस मावळला की त्या पाण्यावर जनावरं येतात. माणूस काठावर तंबू ठोकून बसला तर ती लांबूनच परततात, आणि कोरड्या मुलखात त्यांना दुसरं पाणी नसतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अशा एकाकी पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत, मुक्काम करायला कायद्यानेच मनाई आहे. गाईडबुकातल्या नोंदीत तोच आकडा घ्यावा: पाण्याची जागा, टिकण्याचा महिना, आणि लगेच पुढच्या ओळीत ४०० मीटरपलीकडची मुक्कामाची जागा, तीही चार दशांश स्थळांसकट. दुसरी ओळ लिहिता येत नसेल, म्हणजे जवळपास तंबूपुरती सपाटीच नसेल, तर तो पाणवठा "फक्त पाणी भरून पुढे जा" अशा सूचनेसह द्या आणि वाटेचे टप्पे त्याप्रमाणे पुन्हा आखा.

गवतकुरण

टप्पे पुन्हा आखणं म्हणजे काही वाटांवर एका दिवसाची चाल २५ किलोमीटरच्या वर जाईल. ती सगळ्यांना झेपणार नाही आणि न झेपणारा माणूस पाण्यावरच थांबेल. अशा वाटा पुस्तकातून वगळायच्या की नाही, यावर कडेकपारी यांचं मत हवं आहे.