मदत हवी आहे : मैदानावर सूर्यमाला मांडायचीय, माझं गणित तपासून द्याल का?

नमस्कार. मी साताऱ्याच्या माण तालुक्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वर्ग पाचवीपर्यंत, शिक्षक आम्ही दोघं.

गेल्या आठवड्यात ग्रह शिकवत होते. भिंतीवरच्या तक्त्यात सूर्य एका कडेला आणि आठही ग्रह एका रांगेत, रेल्वेचे डबे जोडावेत तसे. पाचवीतली एक मुलगी उठली, तक्त्यावरच्या शुक्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, शुक्र पृथ्वीएवढाच आहे आणि हा असा शेजारीच आहे. मग आमच्या खळ्यातून संध्याकाळी नुसता ठिपका का दिसतो? चंद्र याच्याहून लहान, तरी केवढा दिसतो!" मी सांगितलं की शुक्र खूप लांब आहे. तिने मान हलवली, पण नजर पुन्हा तक्त्याकडे गेली. तिथे तर तो बोटभर अंतरावर होता. तेव्हाच ठरवलं, की या मुलांना सूर्यमाला चालून दाखवायची.

प्रमाण धरलंय १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. त्याप्रमाणे:

सूर्य ७ सेंमीचा चेंडू. बुध ५.८ मीटरवर, बारीक रव्याचा कण. शुक्र १०.८ मीटरवर, पृथ्वी १५ मीटरवर, दोन्ही बारीक मोहरीचे दाणे. मंगळ २२.८ मीटरवर, खसखस. गुरू ७८ मीटरवर, गोटी. शनी १४३ मीटरवर, भिजवलेला काबुली चणा. युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटरवर, तुरीचे दाणे.

मैदान जेमतेम ६० मीटर, म्हणजे गुरूपासून पुढचे सगळे रस्त्यावर जातील. नेपच्यून थेट पाण्याच्या टाकीपाशी. त्याची अडचण नाही, पालक बरोबर येणार आहेत. मला विचारायचंय ते असं, की आकडे बरोबर आहेत का? शनीची कडी कशी करू? आणि एका घरून जुना नऊ ग्रहांचा तक्ता आलाय, तर प्लूटोचं काय सांगू? चुकीचं काही मुलांच्या डोक्यात बसू नये एवढीच काळजी आहे.

प्रतिसाद १

ताई, अंतरं सगळी बरोबर आहेत. ग्रहांचे आकारही. पण सूर्य अर्धाच झालाय. ६.९६ लाख किमी ही सूर्याची त्रिज्या, व्यास १३.९ लाख किमी. ग्रहांचे तुम्ही व्यास घेतलेत, सूर्याची मात्र त्रिज्या. त्यामुळे चेंडू १४ सेंमीचा हवा. तेवढा चेंडू मिळाला नाही तर कंपासने पुठ्ठ्यावर ७ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून कापा, पिवळा रंग द्या, काठीला लावा. लांबून बघताना पुठ्ठा आणि चेंडू यात फरक पडत नाही.

पडताळा मुलांनाच करू द्या. सूर्याच्या व्यासावर साधारण १०९ पृथ्व्या ओळीने बसतात. त्या वर्तुळाच्या मधोमध रेघ मारून तिच्यावर गोंद लावायचा आणि एकेक मोहरी चिकटवत जायची. मोहरी सारखी नसते, त्यामुळे नेमके १०९ दाणे येणार नाहीत, पण शंभराच्या आसपास येतील. तुमच्या ७ सेंमीच्या सूर्यावर पन्नाशीतच रेघ संपली असती.

प्लूटो १९३० साली सापडला आणि २००६ पर्यंत ग्रहांमध्ये मोजला जायचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रह कशाला म्हणायचं हे ठरवलं. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेलं हवं आणि आपल्या कक्षेच्या परिसरात त्याचंच वर्चस्व हवं. तिसऱ्या अटीत प्लूटो बसत नाही, त्याच्या पट्ट्यात त्याच्यासारखे बरेच गोळे आहेत. म्हणून तो बटुग्रह. जुना तक्ता फेकू नका. शेजारी नवा लावा आणि मुलांना दोन्हीतला फरक शोधू द्या. विज्ञानात नवी माहिती आली की जुनी यादी बदलते, हे त्यांना तिथेच दिसेल.

प्रतिसाद २

एक विनंती. ग्रह एका रेघेत लावू नका, नाहीतर तक्त्यातली चूक मैदानावर येईल. सूर्यापाशी खुंटी ठोका, प्रत्येक ग्रहाच्या अंतराएवढी दोरी घ्या आणि निदान मंगळापर्यंतचे चार ग्रह वेगवेगळ्या दिशांना ठेवा.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच मांडणीत आहे. तुमच्या प्रमाणात चंद्र पृथ्वीच्या मोहरीपासून फक्त ३.८ सेंमीवर येतो, बोटाच्या दोन पेरांएवढा लांब. शुक्र अगदी जवळ आला तरी ४ मीटरवर, आणि सूर्याच्या पलीकडे गेला की जवळजवळ २६ मीटरवर. शुक्र चंद्राच्या साडेतीन पट रुंद आहे खरा, पण कमीत कमी शंभर पट लांब आहे. तिला सांगा, तुझा प्रश्न बरोबर होता, चित्र चुकीचं होतं.

आता पुढचं. तिला मोहरीपाशी उभं करा आणि सूर्याकडे पाठ करायला सांगा. ही झाली मध्यरात्र. आता शुक्र कुठाय? मागेच, सूर्याच्या बाजूला. दोरी कितीही फिरवा, तो समोर येत नाही. पृथ्वीवरून बघताना शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून जास्त लांब जातच नाही. म्हणून तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला दिसतो, आपल्याकडे मध्यरात्री कधीच नाही. मंगळाची दोरी बाहेरून फिरते, तो मध्यरात्रीही डोक्यावर येऊ शकतो. हे फळ्यावर समजावताना मी तासन् तास घालवलेत, आणि मैदानात मुलं दोन मिनिटांत मान वळवून सांगतात.

प्रतिसाद ३

शनीची कडी : २.७ सेंमी व्यासाची कागदी चकती कापा, मधे भोक पाडून चण्यात बसवा. मोठ्या मुलांना सांगा की आपला कागदही इथे फार जाड आहे. खऱ्या कड्या बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच जाड आहेत, आणि वहीच्या कागदाची जाडी तुमच्या प्रमाणात हजारेक किलोमीटर होते.

प्रकाशही दाखवता येईल. तो सेकंदाला ३ लाख किमी जातो, म्हणजे तुमच्या मैदानावर सेकंदाला ३ सेंमी, साधारण मुंगळ्याच्या सावकाश चालीने. सूर्यापासून मोहरीपर्यंत ८ मिनिटं २० सेकंद. टाकीपाशी पोचायला चार तासांहून जास्त. आजवर नेपच्यूनजवळून एकच यान गेलंय, व्हॉयेजर-२. ते १९७७ साली निघालं आणि १९८९ साली पोचलं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. सूर्याची चूक वेळेत दाखवलीत, नाहीतर मी तेच शिकवलं असतं. परवा, शनिवारी सकाळच्या शाळेत सगळं मांडलं. पुठ्ठ्यावर मुलांनी ११३ मोहऱ्या चिकटवल्या. तिसरीतल्या मुलाने मधे एका दाण्यावर दुसरा दाणा लावला होता, तो शोधून काढून पुन्हा मोजलं, तर ११२.

गुरूची गोटी ज्याच्या हातात होती तो शेवटपर्यंत ती द्यायला तयार नव्हता. नेपच्यूनपर्यंत निम्मीच मुलं पोचली, कारण वाटेत बोरं लागली. पण टाकीपाशी गेलेली मुलं मागे वळून सूर्य शोधत होती. पुठ्ठा दिसला नाही कुणालाच.

आणि एक सांगायचं राहिलं. पौर्णिमा नुकतीच झाल्यामुळे पश्चिमेला चंद्र अजून दिसत होता. शुक्राचा प्रश्न विचारणारी मुलगी मोहरीपाशी उभी होती. एकदा पुठ्ठ्याच्या सूर्याकडे, एकदा चंद्राकडे बघत होती. मग हात लांब करून करंगळीच्या नखाने दोन्ही झाकून पाहिले आणि ओरडली, "बाई, दोघं सारखेच दिसतायत!" खरा सूर्य आणि चंद्र आकाशात जवळपास सारखेच दिसतात, हे मी अजून शिकवलंच नव्हतं.

आता ती विचारतेय, मग ग्रहणात चंद्र सूर्याला बरोबर झाकतो तो यामुळेच का. हो म्हणाले. पण मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही, हा तिचा पुढचा प्रश्न. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असते हे मला माहीत आहे, ते मैदानावर दाखवायला काय वापरू?