भयकथा लिहूलालोय, दारावर 'नाळे बा' आहे पण हाक मराठीतून येते, पुढे काय?

कांडीवाला
मदत पाहिजे. चंदगडकडची दोघं भावंडं, आईबाप गेल्यावर बेळगावात वडगावला येतात, भाऊ पॉवरलूमवर, बहीण मागासाठी सुताच्या कांड्या भरते. रेशन कार्डासाठी गेलं की खिडकीतला माणूस वर न बघता 'नाळे बा' म्हणतो, म्हणजे कन्नडमध्ये उद्या ये. आणि खोलीच्या दारावर आधीच्या कुणीतरी खडूनं तेच लिहिलेलं, नव्वदच्या दशकात कर्नाटकात भुताला परत पाठवायला लिहायचे ते. घरच्यांच्या आवाजात रात्री हाक येते, दार उघडलं की माणूस संपला, म्हणून भुतानं ते वाचायचं आणि उद्या यायचं. माझ्या कथेत हाक मेलेल्या आईच्या आवाजात येते. पण भूत आहे हे बहिणीला माहीत आहे, मग ती दार का उघडेल? इथंच अडकलोय.

खानापूरची
आमच्या दारावर होतं हे. आईला कन्नड वाचता येत नव्हतं, शेजारच्या अक्कांनी कागदावर लिहून दिलं आणि आईनं ते बघून बघून कोळशानं काढलं, रांगोळी काढावी तसं. रात्री मी विचारलं, आई, अक्षर चुकलं असेल तर? ती काही बोलली नाही, उठून कडी परत बघून आली. मला अजून ती कडी वाजलेली ऐकू येते. हे घाला, भूत नंतर आणा.

निपाणीकर
चंदगड घेतलंय ते फार बरोबर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे. म्हणजे या पोरांचा आजा याच जिल्ह्यातला, आणि नातवंडांना विचारतात कुठून आलात! भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं केंद्राचं धोरण आहे, माझे वडील त्याचं कात्रण खिशात घेऊन फिरायचे, घडीवर फाटलं तरी. भावाच्या खिशात तसलं काहीतरी ठेवा.

मागवाली
करंट गेला की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात, कान सुन्न होतात, आपलाच श्वास मोठा वाटतो. हाक तेव्हा येऊ दे. आणि तिला घरच्या नावानं हाक मारणारं भाऊ सोडून आता कुणी राहिलंय का ओ? कामावर सगळे 'ए पोरी'च म्हणतात.

कांडीवाला
मिळालं. करंट जातो, माग थांबतात, बाहेरून आई म्हणते बाळे, दार उघड गं, भिजलेय मी. भाऊ तिचा हात धरून कुजबुजतो, 'नाळे बा' म्हण, लवकर म्हण, तिला अंधारात दिसत नसेल लिहिलेलं. पण तिच्या तोंडातून ते निघतच नाही, वर्षभर खिडकीवर ऐकलेला शब्द आहे तो, दारात आलेल्याला तिला म्हणवत नाही, आणि आईला तर नाहीच. ती कडी काढते.